महापालिका शाळांतली मुलांची सुरक्षितता: कोल्हापूरच्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून उजाडला, शाळा सुरू झाल्या की मोबाइलवर तेच ते प्रश्न येऊ लागतात. शिवाजी पेठेतून येतात, सदर बाजारातून येतात, कसबा बावड्यातून येतात. एखादी बातमी आली की आठवडाभर ओघ वाढतो, मग सगळे शांत. वरचेवर आलेले प्रश्न इथं एकत्र केले आहेत. उत्तराला कायद्याचा आधार असेल तिथं तो दिला आहे, म्हणजे ऑफिसात बोलताना हाताशी राहील.

१. शाळेत पोराला काही झालं तर जबाबदार कोण? मुख्याध्यापक महापालिकेकडं बोट दाखवतात, महापालिका मुख्याध्यापकांकडं.

मूल शाळेच्या वेळेत आवारात आहे तोवर पहिली जबाबदारी मुख्याध्यापकांची. भिंत, छत, वायरिंग, स्वच्छतागृह, फाटक, शिपायाची नेमणूक हे महापालिकेचं काम, आणि ते प्राथमिक शिक्षण समितीच्या कार्यालयातून, म्हणजे प्रशासनाधिकाऱ्यांमार्फत होतं. दोघांच्या मधल्या गोष्टी तेवढ्या लोंबकळत राहतात. फाटकाची कडी तुटली, मुख्याध्यापकांनी कळवलं, पत्र गेलं, आणि दिवाळी झाली तरी फाटकाला सुतळीच बांधलेली. म्हणून आमचं सांगणं असतं की कुठलंही काम निघालं की ते कुणाच्या नावावर आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे शाळा व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्तात लिहून घ्या. "शिपाई बघेल" असं ठरलं असेल तर आधी शाळेला शिपाई आहे का ते बघा. एकच शिपाई दोन शाळांत असेल तर त्या वाक्याला काही अर्थ नाही.

२. म्युन्सिपाल्टीच्या शाळेत सुरक्षा कमीच असणार ना? त्यापेक्षा खासगीत घालू का?

कुठं घालायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, पण या कारणासाठी नको. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला दोन लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं उघडकीस आलं, ते खासगी संस्थेच्या शाळेत घडलं. मुलांच्या संरक्षणाचे कायदे दोन्हीकडं सारखेच लागतात. उलट पालिका शाळेत एक हत्यार जास्त आहे: शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समिती बंधनकारक आहे, आणि विनाअनुदानित खासगी शाळांना ते कलम लागू नाही. जरगनगरच्या पालिका शाळेत प्रवेशासाठी पालक रांगा लावतात, ते काही फाटकावर सुरक्षारक्षक दिसतो म्हणून नव्हे.

३. या समितीत मी शिरू शकते का? मी धुणीभांडी करते, मला कोण विचारणार?

कायदाच विचारतो. समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. वंचित आणि दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. शाळेचा विकास आराखडा ही समिती करते (कलम २२), तेव्हा कुंपण, दिवे, मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी हे सगळं तिथं घालता येतं. निवड पालकसभेतून होते, म्हणून त्या सभेला जा. बहुतेक ठिकाणी सभेला पाच-सहा जण येतात आणि नावं तिथंच लिहिली जातात. नंतर "आम्हाला कळलंच नाही" म्हणून उपयोग नसतो.

४. शाळेत कॅमेरे लावलेत. आता काळजी नाही ना?

आहे. बदलापूरनंतर २१ ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयानं शाळांत सीसीटीव्ही लावायला सांगितले, आणि मुख्याध्यापकांनी आठवड्यातून किमान तीनदा चित्रण तपासावं असंही त्यात आहे. हे दुसरं वाक्य कुणी विचारत नाही. समितीच्या बैठकीत विचारा: मागच्या आठवड्यात कधी बघितलं? नोंद कुठं आहे?

कॅमेरा तपासायला तंत्रज्ञ लागत नाही. मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या पडद्यासमोर उभं राहा आणि एकाला आवारात फिरायला लावा. स्वच्छतागृहाकडं जाणारा बोळ दिसतो का? मागच्या भिंतीजवळचा कोपरा? ध्वजस्तंभ आणि व्हरांडा स्वच्छ दिसतो, आणि ज्या जिन्याखाली मुलं लपतात तिथं काळोख, असा प्रकार फार आढळतो. पावसाळ्यात गुलमोहराची फांदी वाढून निम्मा पडदा झाकलेला असतो. रेकॉर्डरचं बटण आणि पंख्याचं बटण एकाच बोर्डावर असलं तर शाळा सुटताना दोन्ही बंद होतात, म्हणजे संध्याकाळी आवारात काय चालतं ते कधीच टिपलं जात नाही. पडद्यावरची तारीख-वेळही बरोबर आहे का ते बघा. ती चुकीची असली की पुढं चौकशीत घोळ होतो.

स्वच्छतागृहाच्या आत कॅमेरा असता कामा नये. बाहेरच्या वाटेवर हवा.

५. मला चित्रण बघायचंय. शाळा देत नाही.

तुमच्या हातात फाइल देणं शाळेनं नाकारलं तर ते बरोबर आहे, कारण त्यात इतरांची मुलं असतात आणि ती क्लिप तासाभरात ग्रुपवर फिरते. पण चित्रण जपून ठेवायला सांगण्याचा हक्क तुम्हाला आहे, आणि इथं घाई लागते. रेकॉर्डरमधलं जुनं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. त्याच दिवशी दोन ओळींचा अर्ज द्या: अमुक तारखेचं, अमुक वेळेतलं चित्रण पुसू नये. पोच घ्या. गुन्ह्याचा विषय असेल तर ते पोलीस ताब्यात घेतात.

६. शाळा सुटल्यावर दुसरंच कुणी पोरगीला घेऊन गेलं तर?

दिवसातली सगळ्यांत कच्ची वेळ हीच. घंटा झाली की पाच मिनिटांत वर्ग रिकामे होतात आणि फाटकात रिक्षा, दुचाक्या, भेळवाला, आज्या, सगळी एकच गर्दी. पहिली-दुसरीच्या मुलांना आधी आणि वेगळं सोडावं, वर्गशिक्षिकेनं फाटकापर्यंत यावं आणि मूल ओळखीच्या हातात द्यावं. प्रत्येक मुलाला न्यायला येणाऱ्या दोन-तीन माणसांची नावं आणि फोन वर्षाच्या सुरुवातीला वर्गात लिहून द्या. आजचा माणूस वेगळा असेल तर फोन करून कळवा. "त्यांना मी ओळखते, गल्लीतलेच आहेत" एवढ्यावर बाईंनी मूल सोडू नये. मुलांवर अत्याचार करणारा बहुतेक वेळा ओळखीचाच असतो.

मधल्या वेळेत येणाऱ्या प्रत्येक बाहेरच्या माणसाची वहीत नोंद हवी: नाव, काम, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, सही. प्लंबर असो की माजी नगरसेवक. वही उघडून बघा, "गेल्याची वेळ" हा रकाना रिकामा असेल तर ती वही कुणी वापरत नाही.

७. नवऱ्याशी माझी कोर्टात केस चालू आहे. त्यांनी मुलाला शाळेतून नेऊ नये, असं शाळेला सांगितलं तर चालेल का?

नुसतं तोंडी सांगून नाही. कोर्टाचा ताब्याबाबत आदेश नसेल तर दोघंही पालकच, आणि एकाच्या सांगण्यावरून दुसऱ्याला अडवणं शाळेला अवघड जातं. आदेश असेल तर त्याची प्रत मुख्याध्यापकांना द्या आणि पोच घ्या. नसेल तर वकिलांकरवी अंतरिम आदेश मागा. तोवर "मला फोन केल्याशिवाय मूल कुणाकडं देऊ नये" अशी लेखी विनंती करता येते. बहुतेक मुख्याध्यापक ती पाळतात, पण ती कोर्टाच्या आदेशाची जागा घेत नाही.

८. रिक्षामामा आठ-नऊ पोरं कोंबतात. पण ते चांगले आहेत, परवडतातही. काय करू?

मामा चांगले असतील, रिक्षाचा परवाना मात्र तीन प्रवाशांचा असतो. शाळेच्या बसला २०११ पासून महाराष्ट्रात वेगळे नियम आहेत: स्त्री मदतनीस, अग्निशामक, प्रथमोपचार पेटी, आणि प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती. पालिका शाळांना बहुधा स्वतःच्या बस नसतात, म्हणून "आमच्याकडं बसच नाही, समिती कशाला" असं ऐकायला मिळतं. समिती तरीही हवी, कारण मुलं रिक्षानंच येतात.

खरी अडचण पैशाची आहे हे आम्हाला माहीत आहे. पाच मुलांची रिक्षा परवडत नाही म्हणून नऊची होते. तरी एवढं तरी ठरवून घ्या: पुढं चालकाच्या मांडीशी मूल बसवायचं नाही, उजवी बाजू दांड्यानं बंद, दप्तरं बाहेर लोंबकळत ठेवायची नाहीत, चालकाचा परवाना-बॅज आणि फोन शाळेत नोंदवलेला. मोठी मुलं एकाच वाटेवरची असतील तर केएमटीचा (महापालिकेच्या बसचा) विद्यार्थी पासही बघा. दोन-तीन घरची मुलं मिळून, एका पालकासोबत चालत जाणं अनेक पेठांत सहज शक्य आहे. अंतर किती असतं हो!

९. शिपाई, सफाईवाले, खेळाचे सर, यांची कुणी चौकशी करतं का?

करायला हवी. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, त्याच्या २०२० च्या नियमांत मुलांशी संबंध येणाऱ्या सगळ्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी सांगितली आहे, कंत्राटी असोत की कायम. राहून जातात ते नेहमीचेच: ठेकेदाराचा बदली माणूस, स्नेहसंमेलनासाठी आलेला नृत्यशिक्षक, शाळेत महिनाभर रंगकाम करणारे मजूर. मजुरांची पडताळणी शक्य नसेल तर काम सुट्टीत किंवा शाळा सुटल्यावर. आणि पडताळणीचा कागद म्हणजे हमी नव्हे. त्यात एवढंच कळतं की माणसावर आधी गुन्हा दाखल नाही. म्हणून कुणीही प्रौढ एकट्या मुलासोबत बंद खोलीत नसावा, हा नियम सगळ्यांना, मुख्याध्यापकांनाही.

१०. सरांनी पोराला मारलं. आमच्या वेळीही छडी होती. तक्रार करावी का?

तुमच्या वेळी कायदा नव्हता. आता शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हीला मनाई करतं. अंगठे धरून उभं करणं, वर्गासमोर जातीवरून किंवा अभ्यासावरून पाणउतारा करणं हेही त्यात येतं. जखम असेल तर आधी डॉक्टर, फोटो, मग लेखी तक्रार (पायऱ्या प्रश्न १८ मध्ये). आणि सरांना घरी जाऊन "समजावणं" टाळा. चार माणसं घेऊन गेलात की मूळ तक्रार बाजूला पडते आणि तुमच्यावरच गुन्हा दाखल होतो.

११. मुलीनं घरी येऊन "तसं" काहीतरी सांगितलं. पहिल्यांदा काय करायचं?

या प्रश्नाचं उत्तर सावकाश वाचा.

मूल सांगतंय ते ऐकून घ्या. पुन्हा पुन्हा विचारू नका, आजी-काका-शेजारणीसमोर परत वदवून घेऊ नका, "नक्की का?" म्हणू नका. तिच्याच शब्दांत लिहून ठेवा. अंगावरचे कपडे धुऊ नका, शक्य तोवर अंघोळ घालू नका, कपडे कागदी पिशवीत ठेवा. मग पोलीस. लक्ष्मीपुरी, जुना राजवाडा, शाहूपुरी, राजारामपुरी, जे जवळ असेल ते. "हद्द आमची नाही" म्हणून परत पाठवता येत नाही. ठाण्यात जायला मन धजत नसेल तर १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) किंवा ११२ (तातडीची मदत) ला फोन करा.

पॉक्सो कायदा, २०१२ प्रमाणे मुलाचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथं घेतला जातो, शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या महिला अधिकाऱ्याकडून, आणि जबाब घेताना अधिकारी गणवेशात नसावा. रात्री मुलाला ठाण्यात थांबवता येत नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरच करते, पालक किंवा मुलीच्या विश्वासातलं माणूस सोबत असतं. सीपीआर या सरकारी रुग्णालयात जा किंवा खासगीत, तातडीच्या उपचारांसाठी आधी कागद मागता येत नाहीत. चोवीस तासांत पोलिसांनी बाल कल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं असतं. मदतीची रक्कम मनोधैर्य योजनेतून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत मिळते. वकील परवडत नसेल तर तेही तिथंच.

१२. मुख्याध्यापक म्हणतात, "आधी आम्ही आतल्या आत चौकशी करतो, शाळेचं नाव जाईल."

तो अधिकार त्यांना नाही. पॉक्सोच्या कलम १९ नुसार ज्याला अशा गुन्ह्याची माहिती आहे त्यानं कळवणं सक्तीचं आहे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थाप्रमुखानं दडवला तर एक वर्षापर्यंत, शिवाय दंड (कलम २१). शाळेची चौकशी पोलिसांना कळवल्यावर, त्यांच्या तपासाला धक्का न लावता. "मिटवून टाकू, पोरीचं पुढं लग्न व्हायचंय" असं सांगायला येणारे भले लोक गल्लीत निघतातच. त्यांनाही हे कलम वाचून दाखवा.

१३. आरोप दुसऱ्याच एका विद्यार्थ्यावर असेल तर? तोही सातवीतच आहे.

कळवण्याची सक्ती तीच. फरक पुढं होतो: अठरा वर्षांखालच्या मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढं जातं, त्याला कोठडीत टाकत नाहीत. सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य कायद्यानं गुन्हाच ठरत नाही, पण त्या वयाचं मूल असं वागतंय म्हणजे त्यानं ते कुठं तरी बघितलं किंवा सोसलं असण्याची शक्यता असते, आणि तिथं समुपदेशक हवा. दोन्ही मुलांची नावं गुप्त राहिली पाहिजेत. पीडित मुलाची ओळख उघड करणं हा पॉक्सोखाली स्वतंत्र गुन्हा आहे. पालकांच्या ग्रुपवर "सावध राहा, अमुक वर्गातली अमुक मुलगी..." असा मेसेज चांगल्या हेतूनं टाकला, तरीही.

१४. तक्रारपेटी आणि "सखी सावित्री" म्हणजे काय? आमच्या शाळेत पेटी आहे, किल्ली कुणाकडं ते माहीत नाही.

तक्रारपेटीचा शासन निर्णय २०१७ चा, सखी सावित्री समितीचा २०२२ चा. समितीत महिला शिक्षक, पालक, विद्यार्थी असतात आणि मुलांच्या तक्रारी ऐकणं हे तिचं काम. पेटी मुख्याध्यापकांच्या दाराशी टांगली तर मूल त्यात चिठ्ठी टाकत नाही, कारण टाकताना सगळे बघतात. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या वाटेवर, हात पोचेल एवढ्या उंचीवर लावा. ठरलेल्या दिवशी, किमान दोघांसमोर उघडा. आत "डबा खाऊ देत नाही" अशा चिठ्ठ्याच निघतील. त्यांनाही उत्तर द्या. डब्याच्या चिठ्ठीचं काही झालं तरच मूल पुढं मोठी गोष्ट लिहायला धजतं.

१५. पंचगंगेला पूर आला की शाळेचं काय? आमची शाळा तर छावणीच होते.

राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी, हे कोल्हापुरात पोरांनाही पाठ असतं. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. सुट्टी जिल्हा प्रशासन जाहीर करतं, पण पाणी सुट्टीची वाट बघत नाही. जयंती नाल्याच्या काठच्या, सुतारवाडा, शाहूपुरी कुंभार गल्ली या भागांतल्या मुलांची यादी शाळेनं जूनमध्येच वेगळी काढावी. वाट बंद होण्याआधी त्यांना सोडायचं की शाळेतच थांबवायचं, आणि थांबवलं तर कुणी सोबत राहायचं, हे तेव्हाच ठरवावं. ऐन वेळी पालकाचा फोन लागत नाही, म्हणून पाणी न येणाऱ्या भागातल्या एखाद्या नातेवाइकाचा नंबरही घ्या.

शाळा छावणी झाली तर शाळा बंद असते आणि ते ठीकच आहे. गडबड छावणी उठताना होते. वर्ग भरण्याआधी: वायरिंग आणि मीटर वीजतंत्र्याकडून तपासून लेखी घ्या, पाण्याची टाकी उपसून धुवा, ओलावलेल्या भिंतीचा फुगलेला गिलावा पाडून घ्या, कपाटांमागं आणि अडगळीत साप-विंचू बघा. दाखले, हजेरीपट आधीच वरच्या मजल्यावर. आणि मुलं बाकावर बसण्याआधी स्वच्छतागृहं.

१६. इमारत जुनी आहे, पावसात गिलावा पडतो. कुणी तपासतं का? आगीचं काय?

महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५अ नुसार तीस वर्षांवरच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी करून घ्यावी लागते. अहवालाची प्रत मागा, मिळाली नाही तर माहिती अधिकार. जुलै २०२५ मध्ये राजस्थानात झालावाड जिल्ह्यात शाळेचं छत कोसळून सात मुलं गेली, तेव्हा "बघू पुढच्या बजेटला" हे उत्तर ऐकून घेऊ नका. अहवाल येईपर्यंत तो वर्ग बंद ठेवून मुलं दुसऱ्या वर्गात बसवायला पैसे लागत नाहीत.

आगीबाबत: तमिळनाडूत कुंभकोणमला २००४ मध्ये ९४ मुलं गेली. त्यानंतरच्या खटल्यात २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग ठरवला. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याखाली दर जानेवारी आणि जुलैत यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. तुम्ही नळकांड्यावरची तारीख वाचा, आणि मागचं दार उघडून बघा. बहुतेक वेळा त्याच्यामागं मोडके बाक रचलेले असतात. पोषण आहार शाळेतच शिजत असेल तर गॅसची टाकी वर्गापासून लांब. जेवण वाढण्याआधी शिक्षकासह मोठ्यांनी चव बघायची असते, त्याची नोंदवही मागा.

१७. आवारात कुत्री, फाटकाशी मावा, रात्री दारूच्या बाटल्या. हे कुणाला सांगायचं?

तीन वेगळ्या ठिकाणी. कुत्र्यांसाठी महापालिका. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शाळा-रुग्णालयांच्या आवारातली भटकी कुत्री हलवायला आणि कुंपण घालायला सांगितलं आहे, त्याचा उल्लेख अर्जात करा. चावलंच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा, हळद-चुना काही लावू नका, थेट सीपीआर किंवा महापालिकेच्या सावित्रीबाई फुले रुग्णालयात जा. लसीचे सगळे डोस पूर्ण करा.

तंबाखू: शाळेपासून १०० यार्डांत विक्रीला बंदी आहे, तक्रार पोलिसांत किंवा अन्न व औषध प्रशासनाकडं. बाटल्यांसाठी पोलिसांची रात्रीची गस्त आणि आवारात एक दिवा. आणि एक अनुभव: गल्लीतल्या तालमीच्या पोरांना हाताशी धरा. मैदान संध्याकाळी फुटबॉलला दिलं की दारुडे आपसूक उठतात. फक्त किल्ली कुणाकडं आणि सकाळी काचा कुणी गोळा करायच्या, हे लिहून (प्रश्न १).

१८. तक्रार दिली, काहीच झालं नाही. आता?

गुन्हा असेल तर पायऱ्या चढत बसू नका, थेट पोलीस (प्रश्न ११). बाकी गोष्टींत मुख्याध्यापक, मग व्यवस्थापन समिती, मग प्रशासनाधिकारी, मग आयुक्त. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडं लेखी तक्रार केली तर तीन महिन्यांत निकाल द्यावा लागतो, आणि तो मान्य नसेल तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडं अपील. एका अर्जात एकच विषय घाला. छत, कुत्रा आणि सरांची वागणूक एकत्र लिहिली की अर्ज तीन टेबलांवर फिरतो. आवक शिक्का मारलेली प्रत घरी ठेवा. शिक्का मारायला "साहेब नाहीत" म्हणाले तर तोच अर्ज पोस्टात जाऊन स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपून ठेवा.